दादाचा ब्लॉक

जून महिन्यातल्या एका गुरुवारी रात्री पुतण्याचा फोन आला. "काका, रविवारी मोकळे आहात का? ब्लॉक बघायला जायचंय. भोसरीला."

मी मनातून सुखावलो. मुलाला नोकरी लागून तीन वर्षे झाली होती आणि वहिनी त्याच्या लग्नाचा विषय काढून थकल्या होत्या. आता स्वारी जागा बघते आहे म्हणजे पुढचेही काही मनात असणार, असा मी सरळ हिशेब केला. आमच्या वडिलांच्या पिढीपासून शहरातल्या मराठी माणसाला ब्लॉक म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास घरातच, एवढा एकच अर्थ ठाऊक. चाळ सोडून ब्लॉकमध्ये राहायला जाणे हे त्या पिढीचे मोठे स्वप्न होते. सौ.ला बातमी दिली तेव्हा तिने लगेच एका कागदावर विचारायचे प्रश्न लिहून दिले. पाणी कुठून येते? भिंती किती जाड आहेत? कुठे ओल, कुठे भेग? आधी कोण राहत होते आणि त्यांनी काय तोडफोड केली?

तो कागद खिशात घालून मी रविवारी पुतण्याच्या मागे मोटरसायकलवर बसलो. गाडी थांबली ती एका पत्र्याच्या शेडपुढे. आत तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, दोन लेथ, एक उभे बोअरिंग मशीन आणि मधोमध लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला, चार मोठी भोके असलेला काळा लोखंडी ओंडका. "हा ब्लॉक," पुतण्या म्हणाला.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझे आणि यंत्रांचे सख्य ठाऊक आहे. मिक्सरचे झाकण नीट बसवण्यापलीकडे माझी मजल जात नाही. परंतु त्या दिवशी मिस्त्रींनी ब्लॉक तपासायला घेतला आणि ऐकता ऐकता मी खिशातला कागद बाहेर काढला. पाणी कुठून कुठे जाते, भिंत किती जाड आहे, भेग कुठे आहे, आधीच्या मालकाने काय केले आहे, हेच सगळे ते विचारीत होते. सौ.चा एकही प्रश्न वाया गेला नाही.

आता हा ब्लॉक कुणाचा ते सांगतो. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, २००१ साली एक जुनी कॉन्टेसा घेतली. हिंदुस्तान मोटर्सची ही लांबरुंद गाडी १९८४ मध्ये आली आणि २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सुरुवातीला तिच्यात पन्नास अश्वशक्तीचे एंजिन होते. एवढ्या देहाला ते पुरेना, म्हणून पुढे इसुझू या जपानी कंपनीचे १८१७ घनसेंटिमीटरचे एंजिन बसवले गेले. दादाची गाडी या दुसऱ्या जातीची. रविवारी सकाळी ती धुणे हा त्याचा देवपूजेइतकाच नेमाचा कार्यक्रम होता. दादा जाऊन आता काही वर्षे झाली. गाडी वहिनींच्या फाटकाआत कापडाखाली उभी होती. ती विकण्याचा विषय कुणी काढीत नव्हते आणि ती चालवीतही कुणी नव्हते.

पुतण्या यांत्रिकी शाखेचा इंजिनिअर. त्याने ठरवले की बाबांच्या गाडीला टर्बो बसवायचा.

टर्बो हा शब्द आपण रोज मालमोटारींच्या तोंडावर वाचतो आणि विसरून जातो. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ भोवरा, किंवा वावटळ. शब्द ज्याने निवडला त्याला मी भाषेचा माणूस म्हणून मनापासून दाद देतो. एंजिनातून जळून बाहेर पडणारा वायू एरवी नळीतून धुराडे गाठतो आणि त्याच्यातला जोर फुकट जातो. त्या वायूच्या वाटेत एक लहानसे चक्र बसवायचे. ते फिरू लागले की त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र फिरते आणि बाहेरची हवा दाबून एंजिनात कोंबते. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येते, आणि तेवढ्याच एंजिनातून जास्त ताकद निघते. हा भोवरा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने तिचे पेटंट १९०५ साली घेतले. मोटारीत ती यायला मात्र १९६२ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल आणि शेव्हरोलेट यांनी टर्बोच्या गाड्या बाजारात आणल्या.

"मग ती चक्रं आणायची आणि बसवायची. ब्लॉक कशाला खोलला?" मी विचारले.

पुतण्याने कपाळाला हात लावला. मिस्त्रींनी मात्र शांतपणे समजावले. हे गृहस्थ तीस वर्षे ट्रकांची एंजिने बांधीत आले आहेत आणि मास्तरकी करते तर आमच्या कॉलेजातल्या निम्म्या लोकांची पंचाईत झाली असती. "सर, जोर कोण लावतं ते बघू नका. जोर झेलतं कोण ते बघा," ते म्हणाले. सिलिंडरमध्ये होणारा प्रत्येक स्फोट वर हेड उचलायला बघतो, खाली पिस्टनला आणि त्याच्यामार्फत क्रँकला ढकलतो, बाजूला भिंती फुगवतो. हे सगळे ज्याच्या अंगावर येते तो ब्लॉक. मूळ एंजिन नव्वदीच्या आतल्या अश्वशक्तीचे. पुतण्याला दीडशे हवे होते. भोवरा नंतर कधीही बदलता येतो, पेट्रोल सोडणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू बदलता येतो, ब्लॉक फुटला की बाकी सगळे त्याच्याबरोबर जाते.

पुतण्याला त्याची काळजी नव्हती. बाबांचाच ब्लॉक घ्यायचा हे त्याने आधीच पक्के केले होते, आणि त्यासाठी त्याच्याजवळ जर्मनीतला दाखला होता. तो त्याने मला चहा पिता पिता ऐकवला. पुढे मी स्वतः वाचून पाहिला आणि एखादी कादंबरी वाचावी तसा रंगून गेलो.

बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९६१ मध्ये १५०० नावाची एक साधी, चौकोनी, कुटुंबवत्सल मोटार दाखवली. तिचे ओतीव लोखंडी ब्लॉकचे चार सिलिंडरांचे एंजिन आलेक्स फॉन फाल्कनहाउझेन यांनी आखलेले, ८० अश्वशक्तीचे. त्याच घराण्यातल्या दोन लिटरच्या एंजिनाला १९७३ मध्ये टर्बो लावून १७० अश्वशक्ती काढली. त्या गाडीच्या नाकावर 'टर्बो' ही अक्षरे उलटी रंगवलेली असत, म्हणजे पुढच्याच्या आरशात ती सुलट दिसावीत आणि त्याने मुकाट्याने बाजूला व्हावे. हा आगाऊपणा तिथल्या लोकांना रुचला नाही आणि कंपनीला अक्षरे आवरती घ्यावी लागली. त्याच शरद ऋतूत तेलटंचाई आली आणि १,६७२ गाड्यांवर तो प्रपंच आटोपला.

खरी गंमत पुढे आहे. पाउल रोशे नावाच्या इंजिनिअरने हाच ब्लॉक फॉर्म्युला वनच्या शर्यतीसाठी उचलला. लोकांना ऑफिसात आणि बाजारात नेणाऱ्या मोटारीचा ब्लॉक! आकार दीड लिटर, आणि टर्बो लावून सहाशेच्या वर अश्वशक्ती. १५ ऑक्टोबर १९८३ रोजी दक्षिण आफ्रिकेत क्यालामी येथे वर्षातली शेवटची शर्यत झाली. आघाडीवरच्या आलाँ प्रोस्तच्या रेनॉचा टर्बोच बिघडला, आणि ब्राझीलचा नेल्सन पिके हे एंजिन घेऊन तिसरा येऊनही जगज्जेता ठरला. टर्बोच्या गाडीतून जगज्जेता झालेला तो पहिला. १९८६ पर्यंत हे एंजिन पहिल्या रांगेसाठीच्या फेऱ्यांत इतके पेटले, की ताकद मोजणाऱ्या यंत्राचा काटा १२८०ला संपे आणि रोशे यांना त्यापुढे अंदाजच करावा लागे.

आणि या एंजिनांसाठी ब्लॉक कुठले घेत? लाखभर किलोमीटर चालून आलेल्या गाड्यांतले जुने, अशी त्यांची ख्याती आहे. ओतीव लोखंड साच्यात थंड होताना कुठे आधी, कुठे नंतर गोठते आणि पोटात ताण धरून बसते. नवा ब्लॉक तासून अगदी अचूक केला तरी हे ताण पुढे हळूहळू सुटतात आणि त्याचे अंग वाकडे होते. वर्षानुवर्षे तापून-निवून झालेल्या ब्लॉकचे जे काय वाकडे व्हायचे ते होऊन चुकलेले असते. जुन्या काळी लेथ बनवणारे कारखानेही ओतीव पाया महिनोन्महिने उन्हापावसात टाकून ठेवीत ते याचसाठी. म्युनिकमध्ये हे ब्लॉक उघड्यावर ठेवून कामगार त्यांच्यावर आणखी काय करीत याचीही एक दंतकथा आहे, पण ती दिवाळी अंकात छापण्याजोगी नाही.

"मुरलेलं लोणचं," मी म्हणालो.

"तेच! आणि बाबांचा ब्लॉक दोन लाख किलोमीटर मुरलाय," पुतण्या म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता, की त्या क्षणी मीही त्याच्या बाजूचा झालो.

मिस्त्रींनी मान हलवली नाही. त्यांनी ब्लॉकमधली पाण्याची वाटीसारखी बुचे काढली, तेलाच्या वाटांचे स्क्रू काढले आणि सगळा ओंडका गरम कॉस्टिकच्या हौदात सोडला. दुसऱ्या दिवशी करडा, स्वच्छ, जवळजवळ देखणा ब्लॉक बाहेर आला. भोकांची मापे घेतली. मूळ ८४ मिलिमीटर, पूर्वी एकदा अर्धा मिलिमीटर मोठे करून घेतलेले, झीज थोडी. वरच्या सपाट पृष्ठावर पोलादी पट्टी ठेवून खालून फीलर गेजची पाती सरकवून पाहिली, तीही अडली. पुतण्या माझ्याकडे बघून हसला.

मग मिस्त्रींनी त्या पृष्ठावर एक लाल पातळ द्रव फवारला. पंधरा मिनिटे तसाच ठेवून फडक्याने निपटून पुसून टाकला, आणि वरून पांढरी भुकटी उडवली. पृष्ठ चुना दिल्यासारखे पांढरे झाले. आम्ही तिघे वाकून बघत राहिलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे, हेडच्या बोल्टाच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत, पांढऱ्यातून हळूहळू एक लाल केस वर आला.

"भेग," मिस्त्री म्हणाले. "तापलेल्या एंजिनात कुणीतरी गार पाणी ओतलंय. सर, लोखंड तापलेलं चालतं, गार झालेलंही चालतं. एकदम नाही चालत."

"बाबा असं कधीच करणार नाहीत," पुतण्या म्हणाला.

बरोबर होते त्याचे. दादाने ते केलेले नव्हते.

२००८ सालच्या मे महिन्यात मला साताऱ्याला एका व्याख्यानाचे बोलावणे होते. आयोजकांवर छाप पडावी म्हणून मी एस्.टी.ने न जाता दादाची गाडी मागून घेतली. खंबाटकीचा घाट चढताना तपमानाचा काटा तांबड्यात गेला. मी तो पाहिला, पण घड्याळही पाहिले आणि चढत राहिलो. शेवटच्या वळणाआधी बॉनेटमधून वाफेचा लोट उठला तेव्हा थांबलो. पाऊण तास स्वस्थ बसायला हवे होते. सभा पाच वाजता होती. रस्त्याकडेच्या रसवंतीवाल्याने बर्फाच्या पेटीतले पाणी बादलीभर दिले. फडके धरून मी झाकण उघडले आणि सगळी बादली ओतली. आत कुठेतरी 'टण्' असा आवाज झाला. त्यानंतर गाडी सुरू झाली, मी वेळेवर पोचलो, व्याख्यान रंगले. रात्री परत येताना बोगद्याची वाट असल्याने घाट लागला नाही. दादाला मी किल्ली दिली आणि गाडी उत्तम चालली म्हणून सांगितले. पुढे दोनचार महिन्यांनी गाडी थोडेथोडे पाणी पिऊ लागली. दादा दर रविवारी धुताना पाणी भरी आणि वयाला दोष देई. गाडीच्या, स्वतःच्या नव्हे.

भोसरीच्या त्या शेडमध्ये मी यातले काहीही बोललो नाही. "जुनी गाडी, कुणी काय केलं असेल कोण जाणे," असे काहीतरी पुटपुटलो.

मिस्त्रींचा निकाल स्पष्ट होता. ही भेग शिवता येते. तिच्या रेषेवर ओळीने भोके पाडायची, त्यांत लोखंडाचे आटे असलेले खिळे एकात एक अडकतील असे पिळून बसवायचे आणि वर सपाट करायचे. आच न लावता केलेले हे रफूकाम, आणि पहिल्यासारखी सावकाश गाडी चालवायला ते पुरते. टर्बोला नाही. तिथे हेड उचलू पाहणारा दाब नेमका याच बोल्टावर येणार. मुरलेला ब्लॉक आणि दुखावलेला ब्लॉक बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून म्युनिकवाल्यांची गोष्ट सांगणाऱ्याने त्यांचे तपासणीचे टेबलही सांगावे, असे माझे त्या दिवशी मत झाले.

घरी वहिनींनी दुसरा निकाल दिला. ब्लॉकवर एंजिनाचा नंबर कोरलेला असतो आणि तोच आर.सी. बुकात असतो. ब्लॉक बदलला की कायद्याच्या नजरेने एंजिनच बदलले. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावले आहे. वहिनींनी कलम वाचले नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, "ह्यांची गाडी ह्यांच्याच नंबराची राहील. तुला काय उडवायचंय ते दुसऱ्या सांगाड्यात उडव, आणि रस्त्यावर आणायचं नाही."

तेव्हा ठरले ते असे. दादाचा ब्लॉक शिवून पुन्हा दादाच्या गाडीत. टर्बोसाठी चिंचवडला एका मित्राकडे गंजत पडलेला कॉन्टेसाचा सांगाडा, आणि तो ट्रेलरवर घालून न्यायचा कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या शर्यतीच्या मैदानावर. राहता राहिला ब्लॉक.

त्यासाठी आम्ही कुर्ल्याच्या भंगारबाजारात गेलो. रविवार होता आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. एकाच शब्दाने माणसाचा किती अंत पाहावा! दादरहून कुर्ल्याला पोचायला आम्हाला पुण्याहून दादरला येण्याच्या निम्मा वेळ लागला.

तिथे तीन ब्लॉक मिळाले. पहिला चकचकीत, ताज्या निळ्या रंगाचा. मी तोच घ्या म्हणालो. मिस्त्रींनी खिशातून चाकू काढून बाजूला रंग खरवडला, तर खाली तळहाताएवढा वेल्डिंगचा डाग. कधीतरी कनेक्टिंग रॉड तुटून भिंत फोडून बाहेर आला होता. दुसऱ्याचे अंग चांगले होते, पण नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवलेला. "हा चालून आलेला नाही, पळून आलेला आहे," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले आणि आम्ही पुढे सरकलो. तिसरा ब्लॉक दुकानामागे पावसात पडलेला, तांबडा गंजलेला, एका भोकात पालापाचोळा. मिस्त्री त्याच्याजवळ उकिडवे बसले ते उठेचनात. त्याचे बोअर कुणीही मोठे केलेले नव्हते, मूळ मापाचेच होते. आणि क्रँक धरून ठेवणाऱ्या पाचही मेन कॅप जागच्या जागी, क्रमवार होत्या. या कॅपा ब्लॉकला बसवूनच त्यांची भोके एका रेषेत कातलेली असतात. दुसऱ्या ब्लॉकच्या कॅपा आणून लावल्या तर क्रँक सरळ फिरेल याचा भरवसा नाही. दुकानदाराने पंधरा हजार सांगितले. साडेआठला तुटले. नंबराची पावती घेतली, आणि 'छोटा हत्ती'त गोण्यांवर पहुडलेला ब्लॉक घाट चढून पुण्याला आला.

पुन्हा हौद, पुन्हा लाल द्रव, पुन्हा पांढरी भुकटी. आम्ही श्वास रोखून बसलो. पांढरे पांढरेच राहिले.

मग एका कारखान्यातून ध्वनिलहरींनी जाडी मोजणारे यंत्र मागून आणले आणि प्रत्येक सिलिंडरची भिंत चारी बाजूंनी मोजली. ब्लॉक ओतताना आतला वाळूचा गाभा केसभर सरकला तरी एका बाजूची भिंत जाड आणि समोरची पातळ होते. पिस्टन ज्या बाजूला रेटतो तिथेच नेमकी पातळ निघाली तर गेले काम. आमची तशी निघाली नाही. तरीही मिस्त्रींनी बोअर अर्धा मिलिमीटरच वाढवायचा ठरवला, कारण भिंतीचे लोखंड एकदा कातून टाकले की परत येत नाही. बोअर करण्याआधी त्यांनी ब्लॉकच्या डोक्यावर एक जाड पोलादी पाट बोल्टांनी हेडसारखाच आवळून बसवला. हेड आवळले की खालची भोके किंचित दबतात. मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल कातलेले भोक हेड बसल्यावर गोल राहत नाही, म्हणून आवळलेल्या स्थितीतच गोल कातायचे. ही युक्ती मला फार आवडली. परीक्षेच्या आधी घोकलेले परीक्षेच्या दालनात का आठवत नाही याचा उलगडा मला बहुधा इथेच झाला.

पिस्टन घडीव, खास करवून घेतलेले, माथ्यावर बशीसारखे खोलगट. टर्बो हवा आधीच दाबून देतो, तेव्हा सिलिंडरात ती पुन्हा फार दाबली तर पेट्रोल वेळेआधीच भडकते आणि एंजिन ठोकू लागते. त्या ठोक्यांनी पिस्टनचे तुकडे उडतात. घडीव पिस्टन तापल्यावर जास्त फुगतात म्हणून त्यांना भोवती जागा जास्त. रिंगांच्या दोन टोकांतही फट नेहमीपेक्षा मोठी, आमच्या मापाला चार दशांश मिलिमीटरच्या पुढे, नाहीतर उष्णतेने टोके एकमेकांना भिडून रिंग तुटते. हे सगळे पुतण्याने आणि मिस्त्रींनी केले. माझ्या वाट्याला आले ते धुणे.

होनिंग झाल्यावर भोकांच्या भिंतींवर तिरक्या बारीक रेघांची जाळी उमटते. तेल धरून ठेवायला ती हवी असते. पण त्या रेघांत सहाणेची धूळही बसते आणि ती पेट्रोलने निघत नाही. ती निघते कडकडीत पाण्याने आणि कपडे धुण्याच्या साबणाने. ऑगस्टमधल्या एका रविवारी वहिनींच्या मागील दारी तो ब्लॉक दगडावर ठेवून मी आणि पुतण्या घासत बसलो. वहिनींनी माझ्या वडिलांचे एक जुने पांढरे धोतर फाडून दिले. घासायचे, धुवायचे, धोतराचा तुकडा भोकात फिरवून बघायचा. पहिला तुकडा काळा आला. दुसरा राखी. तिसराही राखीच.

"खंबाटकीला मी पाणी ओतलं होतं," मी म्हणालो. "२००८ साली. बर्फाचं. तुझ्या बाबांना सांगितलं नाही."

पुतण्या काही वेळ नुसता ब्रश फिरवीत राहिला. मला वाटले त्याने ऐकले नाही. मग मान वर न करता म्हणाला, "काका, पाणी गार झालं. आतून गरम आणा."

मी पातेले घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मागचे दार उघडेच होते. वहिनी गॅसशी उभ्या होत्या.

"सांगितलंत वाटतं शेवटी?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या रात्री तुम्ही साताऱ्याहून दोन किलो कंदी पेढे घेऊन आलात भावजी. एरवी तुम्ही पावशेर आणणारे नव्हेत. तुमची पाठ वळताच हे म्हणाले, गाडीला काहीतरी झालंय."

"मग मला विचारलं का नाही त्याने?"

"मी म्हटलं विचारा. तर म्हणाले, पेढे चांगले आहेत." त्यांनी पातेले भरून माझ्या हाती दिले. "जपून न्या. आणि एकदम ओतू नका."

पाचवा तुकडा पांढरा निघाला. लोखंड उघडे राहिले तर तासाभरात गंज धरते, म्हणून लगेच पुसून भोकांना तेलाचा हात दिला आणि ब्लॉक प्लॅस्टिकात गुंडाळला. नवरात्रात एंजिन जुळले. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन वेळा थोडेथोडे आवळले. त्यातला एक मला आवळू दिला. दसऱ्याच्या सकाळी ते पहिल्यांदा पेटले. भोवऱ्याची बारीक शीळ ऐकू येते, कान देऊन ऐकावी लागते. अजून पूर्ण दाब दिलेला नाही. रिंगा भिंतींशी रुळेपर्यंत द्यायचा नाही असा मिस्त्रींचा हुकूम आहे आणि पुतण्या तो निमूटपणे पाळतो आहे.

दादाचा ब्लॉक शिवून आला तो जुन्याच नंबराने जुन्याच गाडीत बसला. परवा वहिनी तिच्यातून बाजारात जाऊन रांगोळी आणि पणत्या घेऊन आल्या. चालवीत मी होतो. सबंध वेळ त्यांची नजर तपमानाच्या काट्यावर होती.